खोल बाजू

डिसेंबरात तलावाचं पाणी सोडलं
आणि तो उघडा पडला
अंघोळीला बसवलेल्या म्हाताऱ्यासारखा,
जरा लाजलेला.

काठाखाली वीतभर, चारी बाजूंनी पांढरी कड.
गांगुर्डे म्हणाले, "खर धरलीय. बोअरचं पाणी."
मी म्हटलं, ओळखते मी हिला.
माझ्या कुकरच्या बुडाला हीच बसते,
म्हणून झाकण लावायच्या आधी लिंबाची फोड टाकते.

गंगेचं पाणी मऊ.
पण मार्चनंतर पाथर्डी फाट्याकडे नळ नुसता खोकतो,
मग बोअर. दोनशे फुटांवरून, काळ्या खडकाच्या पोटातून.
साबणाला फेस येत नाही,
जीभ जड होते.

गांगुर्ड्यांनी ड्रॉपरनं ॲसिडचा थेंब सोडला पायरीपाशी.
फसफसला, सोड्याच्या बाटलीसारखा.
दुसरा सोडला खाली, कोपऱ्यातल्या करड्या थरावर.
त्यानं हूं की चूं केलं नाही.

"फसफसतो तो निघतो," ते म्हणाले.
"हा दुसरा मुरलेला. ह्याला ॲसिड लावाल
तर प्लास्टर जाईल, हा तिथंच.
ह्याला दगड. रोज थोडं थोडं, ओलं करून."
मला दोन्ही जातीची माणसं आठवली.
बोलले नाही.

पाण्याचं असं आहे, ते पुढे सांगत होते,
उपाशी असलं की भिंतीचा चुना खातं,
पोट तुडुंब झालं की तिच्याच अंगावर ओकतं.
आपण फक्त मध्ये उभं राहायचं,
चिठ्ठीवर आकडे लिहीत.

उथळ बाजूला एक तांबूस डाग होता.
हेअरपिनीचा. हुबेहूब, एक पाय वाकलेला.
मुलीच्या सर्दीसाठी आणलेली आंबट गोळी पर्समध्ये होती,
क जीवनसत्त्वाची, संत्र्याच्या रंगाची.
ओली करून घासली. पिनीचा एक पाय फिका झाला.
"लोखंडच," गांगुर्डे म्हणाले.

पिन कुंभारेबाईंची असणार.
दुपारची तीन ते चार, बायकांची बॅच.
अठ्ठावन्नाव्या वर्षी पोहायला आल्या,
पिना दातांत धरून अंबाडा घालायच्या
आणि तशाच बोलायच्या, म्हणून कळायचं नाही.
एक उन्हाळा आल्या.
पुढच्या वर्षी पास घ्यायला मुलगा आला, पास नको सांगायला.

उरलेला पायही पुसला मी.
कामच ते.

अकरा वर्षं मी इथं आहे.
तिकिटं फाडते, रबरी टोप्या देते,
मंगळसूत्रांच्या पुरचुंड्या सांभाळते, नावं विसरत नाही.
पोहता येत नाही मला.
दहा फूट लिहिलंय त्या बाजूला
मी कधी चप्पल काढूनही उभी राहिलेली नाही.

आणि आता गांगुर्ड्यांचे गमबूट घालून,
दोन नंबर मोठे,
उतारावरून डब डब चालत
मी थेट दहा फुटांच्या तळाशी गेले.
जाळीपाशी थांबले.
वर आभाळाचा चौकोन, त्यात उडी मारायची फळी, खालून बघितलेली.
खोकले, तर चारी भिंती खोकल्या.
भीती नव्हती. थंडी होती,
नाशिकची, हाडात जाणारी,
आणि डोळ्यांत ॲसिडचा चरचराट.

मग बसले बादली उपडी घालून
आणि टाचा घासायच्या दगडानं तो मुका थर घासत राहिले.
आठ दिवस. संध्याकाळी केसांत पांढरी भुकटी,
मुलगी म्हणायची, आई, तू म्हातारी दिसतेस.
आठव्या दिवशीही तो पुरता गेला नाही.
हात फिरवला तर कळतो. डोळ्यांना नाही कळत.

भरायला तीन दिवस लागले. ह्या वेळी नळाचं पाणी.
मी काठावरून बघत होते,
माझी बसायची जागा बुडताना.

कुणाला सांगू नका,
पाणी गुडघाभर झालं तेव्हा मी लिंबाची एक फोड टाकली.
चार लाख लिटरला एक फोड.
गांगुर्ड्यांनी पाहिलं. हसले नाहीत.
"बी काढलीत ना?" एवढंच म्हणाले.
"फिल्टरमध्ये अडकते."